जुन्या लायब्ऱ्यांवर उभा स्क्रीन रीडर: धोका कुठे आहे आणि हात कुठे घालावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेच्या संगणक वर्गात अंध विद्यार्थी विंडोजवर एनव्हीडीए आणि काही यंत्रांवर लिनक्समधील ओर्का हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून किंवा ब्रेलमध्ये देणारे प्रोग्रॅम, वापरतात. तिथल्या तंत्रज्ञांनी या प्रोग्रॅमचा खुला कोड उघडून पाहिला, तेव्हा तो ज्या लायब्ऱ्यांवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांवर) उभा आहे त्यांपैकी काहींची नवी आवृत्ती वर्षानुवर्षे आलेली नाही आणि काहींपुढे सुरक्षा तपासणीच्या साधनाने लाल शेरा मारला आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे धोकादायक आहे का, हे सोडून पैसे भरून मिळणारे सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि कोड लिहिणारी फौज हाताशी नसताना संस्थेला काही करता येईल का.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण निर्णय त्यावर अडलेला दिसतो. केवळ या कारणासाठी एनव्हीडीए किंवा ओर्का सोडू नका. जुन्या लायब्ऱ्या बंद सॉफ्टवेअरच्या पोटातही असतात; फरक इतकाच की तिथे त्या आपल्याला दिसत नाहीत. शिवाय लायब्ररीचे वय हा मुळात चुकीचा निकष आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उद्या ऑपरेटिंग सिस्टिम, हे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिले आहेत त्या पायथनची आवृत्ती किंवा प्रोसेसरचा प्रकार बदलला, तर ही लायब्ररी उघडून दुरुस्त करू शकेल आणि ती दुरुस्ती प्रसिद्ध करू शकेल असा माणूस आज आहे का? डोळस वापरकर्त्याच्या यंत्रावर एखादी लायब्ररी मोडली तर एक सोय बंद पडते आणि तो दुसरी वाट शोधतो. अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरमधील आवाजाची लायब्ररी मोडली तर त्याच्यापुरता संपूर्ण संगणकच बंद पडतो, आणि काय बिघडले हे सांगणारी त्रुटीची चौकटही त्याला वाचता येत नाही. म्हणून हा विषय इतर सॉफ्टवेअरच्या देखभालीपेक्षा गंभीरपणे घ्यायला हवा.

जुनी असूनही धडधाकट असलेल्या लायब्ररीचे उदाहरण म्हणजे सोनिक. बिल कॉक्स यांनी लिहिलेली ही सी भाषेतली छोटी लायब्ररी बोलण्याचा वेग वाढवते आणि तरीही आवाज चिरका होऊ देत नाही. अनुभवी अंध वापरकर्ते डोळस माणसाला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगाने ऐकतात, आणि ती सोय ईस्पीक एनजी या सिंथेसायझरमध्ये (मजकुराचा आवाज बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) व एनव्हीडीएमध्ये याच कोडमधून येते. अँड्रॉइडमध्येही ध्वनीचा वेग बदलण्यासाठी तिचा उपयोग झालेला आहे. तिच्यात फार बदल होत नाहीत, कारण तिला करायचे काम ठरलेले आहे, ते ती करते, आणि बाहेरच्या जगाशी तिचा संबंध ध्वनीचे नमुने घेण्यादेण्यापुरताच आहे. अशा लायब्ररीवर ‘देखभाल नाही’ असा शेरा आला तरी तो यादीत तळाशी ठेवावा.

कॉन्फिगऑब्जची गोष्ट थोडी निराळी आहे. एनव्हीडीएच्या साऱ्या सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल वाचण्याचे व त्यातली मूल्ये तपासण्याचे काम ही पायथन लायब्ररी करते. तिची ५.०.६ ही आवृत्ती २०१४ मधली, आणि त्यापुढची आवृत्ती थेट २०२३ मध्ये आली. मधल्या काळात पायथनच्या जगात किती उलथापालथ झाली हे लक्षात घेतले तर ही शांतता बोलकी आहे. २०२३ मध्येच तिच्या मूल्ये तपासणाऱ्या भागात एक दोष नोंदवला गेला: मुद्दाम वेड्यावाकड्या रीतीने लिहिलेले मूल्य दिले तर ते तपासताना प्रोग्रॅम अडकून बसतो. तपासणीचे साधन यावर लाल शेरा देणारच. पण स्क्रीन रीडरच्या बाबतीत ते मूल्य लिहिणार कोण? ती फाईल वापरकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात असते आणि तिथे लिहू शकणाऱ्या हल्लेखोराला याहून सोप्या शंभर वाटा मोकळ्या असतात. म्हणजे दोष खरा आहे, पण आपल्या वापरात त्याचा धोका नगण्य आहे. आठ वर्षांहून जास्त काळाची शांतता हा त्या दोषापेक्षा मोठा इशारा होता, आणि तो कोणत्याही साधनाने लाल रंगात दाखवला नसता.

आता याच्या उलट बाजू पाहा. ईस्पीक एनजीमध्ये २०२३ मध्ये बफर ओव्हरफ्लोसारख्या (ठरलेल्या जागेबाहेर स्मृतीत लिहिले जाण्यासारख्या) पाच त्रुटी नोंदवल्या गेल्या. हा सिंथेसायझर जो मजकूर बोलतो तो कुठून येतो? कोणत्याही संकेतस्थळावरून, अनोळखी माणसाच्या ईमेलमधून, दुसऱ्याने पाठवलेल्या दस्तऐवजातून. बाहेरचा, अविश्वासार्ह मजकूर जिथे थेट सी भाषेतल्या कोडमध्ये शिरतो, तिथली प्रत्येक त्रुटी मनावर घ्यायला हवी. मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणाऱ्या लिबलुईमध्ये २०१७ आणि २०२२ मध्ये असेच दोष सापडले होते, मात्र त्यांपैकी २०२२ चे दोष रूपांतराचे तक्ते वाचणाऱ्या भागात होते. तक्ते सहसा लायब्ररीबरोबरच येतात, म्हणून धोका कमी; पण ॲड-ऑनमधूनही (स्क्रीन रीडरला वरून जोडलेल्या छोट्या पुरवणी प्रोग्रॅममधूनही) तक्ते आणता येतात, म्हणून तो शून्य नाही. या दोन्ही लायब्ऱ्यांना आज सांभाळणारी माणसे आहेत आणि दोष कळल्यावर ते दुरुस्त झाले, ही यातली दिलासा देणारी बाजू आहे. ईस्पीक एनजीची १.५१ आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि १.५२ थेट डिसेंबर २०२४ मध्ये, पण मधल्या काळात कोडवर काम चालूच होते. त्यामुळे केवळ शेवटच्या आवृत्तीची तारीख पाहून ‘प्रकल्प मेला’ असा निष्कर्ष काढू नये. कोडमधले शेवटचे बदल, आणि बाहेरच्या माणसाने पाठवलेली दुरुस्ती किती दिवसांत स्वीकारली जाते, हे पाहावे.

स्क्रीन रीडरला मिळालेले अधिकारही इथे हिशेबात धरावे लागतात. तो लॉगिनच्या पडद्यावर चालतो, प्रत्येक कळ ऐकतो आणि प्रत्येक खिडकीतला मजकूर वाचतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल संकुचित करणाऱ्या लायब्ररीत घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या मेंटेनरचा (देखभाल करणाऱ्याचा) विश्वास दीर्घकाळ संपादन करून तो घुसवण्यात आला होता. स्क्रीन रीडरच्या पोटातल्या अनेक लायब्ऱ्यांची स्थितीही अशीच आहे: एक माणूस, फावला वेळ, आणि वर असंख्य लोकांचा भार. अशा लायब्ररीला अचानक एखादा उत्साही मदतनीस मिळाला तर आनंद व्हावा, पण त्याने पाठवलेला बदल आणखी एका जाणत्या माणसाने वाचला आहे का, हेही पाहिले जावे.

तरीही माझ्या अनुभवात लोकांना खरा फटका हल्लेखोराकडून बसलेला नाही. तो खालची जमीन सरकल्यामुळे बसला आहे. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. एनव्हीडीएने २०१९.३ ही पायथन ३ वरची आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये आणली, म्हणजे मुदत थोडक्यात हुकली. मुख्य प्रोग्रॅम सुखरूप पार झाला, कारण त्यामागे पगारी माणसे होती. ॲड-ऑनांचे मात्र हाल झाले. एखाद्याने आपल्या कार्यालयातल्या विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी हौसेने लिहिलेले ॲड-ऑन, ज्याच्या जोरावर एक अंध कर्मचारी रोजचे काम करत होता, ते नव्या आवृत्तीत उघडेनासे झाले आणि लेखकाचा पत्ता लागेना, असे प्रकार बरेच झाले. ॲड-ऑनच्या माहितीपत्रकात ‘किमान कोणत्या आवृत्तीवर चालते’ आणि ‘शेवटी कोणत्या आवृत्तीवर तपासले’ अशा दोन ओळी २०१९ मध्ये आल्या, त्यामागे हीच काळजी होती. आपल्या वर्गातले प्रत्येक ॲड-ऑन उघडून त्यातली ती दुसरी ओळ वाचा. कोणते सांभाळले जात आहे आणि कोणते बेवारस आहे, हे तिथेच कळेल.

पुढची पायरी आपल्याकडच्या जुन्या यंत्रांना थेट लागू होते. एनव्हीडीए २०२४.१ पासून पायथन ३.११ वर गेला आणि त्याचबरोबर विंडोज ७ चा पाठिंबा थांबला. त्यामुळे विंडोज ७ वरची यंत्रे २०२३.३ वरच अडकली. मग २०२६.१ साठी प्रोग्रॅम ६४-बिट करण्यात आला, आणि ६४-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालूच शकत नाही. देणगीत मिळालेली जुनी यंत्रे ज्या वर्गांत वापरात आहेत तिथे ‘स्क्रीन रीडर फुकट आहे’ या वाक्याला आता यंत्राच्या वयाची मर्यादा आलेली आहे. अंदाजपत्रक करताना हे लक्षात ठेवावे.

याच बदलाने खुल्या आणि बंद कोडमधला फरकही लख्ख दाखवला. ६४-बिट प्रोग्रॅमला ३२-बिटची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाईल) थेट वापरता येत नाही. ईस्पीक एनजीचा कोड खुला असल्यामुळे तो नव्याने ६४-बिट बांधता आला. एलोक्वेन्ससारख्या नव्वदच्या दशकातल्या बंद सिंथेसायझरचे तसे नाही. असंख्य अंध वापरकर्त्यांच्या कानाला तो आवाज बसलेला आहे, आणि अतिवेगातही तो स्पष्ट ऐकू येतो. परंतु विंडोजवर लोकांकडे असलेल्या त्याच्या जुन्या ३२-बिट फायलींचा मूळ कोड वापरकर्त्यांच्या किंवा एनव्हीडीएच्या हातात नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा ३२-बिट प्रोग्रॅम मध्यस्थ म्हणून चालवण्याची खटपट करावी लागते. ‘मग नवे एआयवर बोलणारे नैसर्गिक आवाज वापरा’ असा सल्ला डोळस लोक सहज देतात. तो वापरणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर टिकत नाही. कळ दाबल्याबरोबर अक्षर ऐकू आले पाहिजे, आणि पुढची कळ दाबल्याबरोबर आधीचा आवाज जागच्या जागी थांबला पाहिजे. या दोन गोष्टी साध्या यंत्रावर, इंटरनेटशिवाय करणारा जुन्या पद्धतीचा खरखरीत आवाज रोजच्या कामाला अजूनही अधिक उपयोगी आहे. जुनी डिपेन्डन्सी (प्रोग्रॅम जिच्यावर विसंबतो ती लायब्ररी) काढून नवी घालताना अशा सवयी आणि वेळेच्या बारकाव्यांचे नुकसान होते, आणि ते चाचणीच्या कोष्टकात दिसत नाही.

ईस्पीकचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून तो वाढत गेला. २०१५ च्या सुमारास मूळ प्रकल्पाचे काम थांबले. तोवर तो जगभरातल्या अंध वापरकर्त्यांचा, विशेषतः ज्या भाषांना दुसरा फुकट आवाज नव्हता त्या भाषकांचा, एकमेव आधार झालेला होता. रीस डन हे लिनक्सवर तो सुलभपणे बांधता यावा म्हणून २०१० पासूनच त्याची एक प्रत सांभाळत होते. २०१५ च्या अखेरीस त्यांनी तिचा रीतसर फोर्क केला, म्हणजे तिच्यापासून वेगळा प्रकल्प काढला, आणि ईस्पीक एनजी उभा राहिला. मराठीही त्यात आहे. मूळ काम थांबण्याआधी पाच वर्षे दुसरा एक माणूस त्या कोडच्या आतबाहेर फिरत होता, म्हणून हे हस्तांतर शक्य झाले. कोड खुला असणे ही फक्त परवानगी आहे. त्यात वावरलेला दुसरा माणूस असणे ही तयारी आहे.

ओर्काच्या बाबतीत तर अख्खी पगारी फळीच नाहीशी झाली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी उभारलेला हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा भाग झाला. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली, आणि त्यानंतर सुगम्यतेवर (अपंगांना संगणक वापरता यावा यासाठीच्या सोयींवर) काम करणाऱ्या त्या चमूला कात्री लागली. नेमक्या त्याच काळात लिनक्सवरची सुगम्यतेची सारी यंत्रणा प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या कोर्बा या जुन्या पायावरून डी-बस या नव्या पायावर हलवली जात होती, म्हणजे जाणत्या माणसांची सर्वाधिक गरज होती. जोनमेरी डिग्ज यांनी ओर्काची धुरा उचलली म्हणून तो टिकला. त्या एका नावावर किती भार आला असेल, याचा विचार वापरणाऱ्या संस्थांनी करायला हवा.

काही वेळा लायब्ररीत काहीच दोष नसतो, पण तिचा उपयोग ठाऊक नसलेले लोकच ती काढून टाकतात. बीआरएलटीटीवाय हा १९९५ पासून चालत आलेला प्रोग्रॅम ब्रेल डिस्प्ले (मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारे उपकरण) लिनक्सला जोडतो. झूमॅक्स कंपनीच्या एका ब्रेल डिस्प्लेत सीएच३४० जातीची, अत्यंत स्वस्त आणि सर्रास मिळणारी यूएसबी चिप आहे. तीच चिप आर्डुइनोसारख्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकण्यासाठीच्या, कितीतरी हौशी बोर्डांवर असते. उबुंटू २२.०४ मध्ये बोर्ड जोडला की बीआरएलटीटीवाय तो ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेई आणि विद्यार्थ्याला बोर्डावर प्रोग्रॅम चढवता येईना. यावर सगळीकडे दिला गेलेला उपाय एका ओळीचा होता: बीआरएलटीटीवाय काढून टाका. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सामायिक प्रयोगशाळेत ही एक ओळ सर्व यंत्रांवर चालवली, की ब्रेल डिस्प्ले घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला ते यंत्र मुके होते. योग्य उपाय म्हणजे त्या एका चिपपुरता ओळखीचा नियम बंद करणे. आपल्या संस्थेत कोणी अशी ‘साफसफाई’ केली आहे का, ते जरूर तपासा.

कोडइतकीच, आणि मराठीसाठी कोडपेक्षा जास्त, माहितीची देखभाल महत्त्वाची असते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधी ‘अ’ला चंद्राची खूण जोडून काम भागवले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते पूर्ण वेगळे असतात. २००८ पूर्वी तयार झालेल्या आणि नंतर न उघडलेल्या कोणत्याही ब्रेल तक्त्यात किंवा उच्चाराच्या नियमांत हे अक्षर असणे शक्यच नाही. तक्त्यात नसलेले अक्षर आले की लिबलुई सहसा त्याचा सांकेतिक क्रमांक ब्रेलमध्ये उमटवते, आणि ‘ॲप’ हा दोन अक्षरांचा शब्द वाचणाऱ्याच्या बोटाखाली चिन्हांची अर्थहीन रांग होऊन येतो. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्याने’ अशा शब्दांतला अर्धा र हाही दोन रीतींनी साठवला जातो, आणि दोन्ही रीतींचे मजकूर आज वापरात आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या च चा वेगळा उच्चार लिपीवरून ठरवताच येत नाही. त्यासाठी शब्दांची यादीच लागते. यांतली एकही गोष्ट सुरक्षा तपासणीच्या साधनाला दिसणार नाही, आणि मराठी न जाणणाऱ्या मेंटेनरला तर ती सुचणारही नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘हो’ असे आहे. ईस्पीक एनजीतले मराठीचे नियम आणि अपवादात्मक शब्द साध्या मजकुराच्या फायलींत आहेत. लिबलुईमध्ये चाचण्याही तशाच लिहिता येतात: डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला अपेक्षित ब्रेल. ज्याला सी भाषेचा गंध नाही पण मराठी ब्रेल चोख येते, अशा शिक्षकाने लिहिलेल्या शंभर शब्दांच्या चाचणीची किंमत मोठी आहे, कारण पुढे कोणीही कोड बदलला तरी ती चाचणी आपोआप चालते आणि मराठी मोडली तर लगेच ओरडते. संस्थेत वर्ष-दोन वर्षे टिकणारा एखादा तंत्रज्ञ असेल तर त्याला एकच लायब्ररी नेमून द्या. ती मूळ कोडपासून स्वतःच्या यंत्रावर बांधायला शिकणे हे त्याचे पहिले काम असावे; दुरुस्त्या पाठवणे नंतर येते. पैसे भरून घ्यायच्या स्क्रीन रीडरच्या परवान्यांसाठी ठेवलेली रक्कम वाचली असेल, तर तिचा काही भाग दरवर्षी एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेससारख्या प्रकल्पाला नियमाने द्या. मेंटेनरला एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी येणाऱ्या छोट्या रकमेवर अधिक विसंबता येते.

वर्गातल्या यंत्रांसाठी तातडीने करायच्या गोष्टी फार नाहीत. प्रत्येक यंत्रावर विंडोजची आवृत्ती, ती ३२-बिट आहे की ६४-बिट, स्क्रीन रीडरची आवृत्ती, वापरातला आवाज, ब्रेल तक्ता आणि ॲड-ऑन यांची एक नोंद करा. प्रत्येक यंत्रावर किमान दोन स्वतंत्र सिंथेसायझर चालू स्थितीत ठेवा, म्हणजे एक मोडला तरी दुसरा बोलेल. आज नीट चालणाऱ्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाईल आणि सेटिंग्जचे फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. नवी आवृत्ती आली की ती आधी एकाच यंत्रावर घाला आणि रोज वेगाने ऐकणाऱ्या, ब्रेल वाचणाऱ्या अंध वापरकर्त्याला आठवडाभर आपले नेहमीचे काम त्यावर करू द्या. त्याने ‘ठीक आहे’ म्हटल्यावरच ती बाकीच्या यंत्रांवर घाला, आणि परीक्षेच्या तोंडावर तर कोणत्याही यंत्रावर घालू नका.